कामाच्या दिवशी अर्ध्या तासात होणारं आशियाई धाटणीचं जेवण : तुम्ही नक्की काय करता?

सांजवेळ

आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरल्यापासून अर्ध्या तासात गरम जेवण ताटात यायला हवं, एवढी साधी गरज आहे. चिनी, थाई, कोरियन, जपानी धाटणीचे पदार्थ या गरजेला छान पुरतात असा माझा अनुभव. एकच भांडं, मोठी आच, भाज्या करकरीत राहिल्या तरी बिघडत नाही, उलट तशाच हव्यात. खाली भात किंवा नूडल्स, वर काहीतरी परतलेलं, की जेवण पूर्ण.

अडचण अशी की "वीस मिनिटांत तयार" असं लिहिलेल्या कृतींमधली ती वीस मिनिटं फक्त गॅसवरची असतात. सोलणं, चिरणं, भात होणं, बाटल्या हुडकणं हे कुणी धरतच नाही. म्हणून विचारतेय. खरोखर अर्ध्या तासात होणारं, पुन्हापुन्हा केलेलं असं तुमचं काय आहे? कुठल्या बाटल्या घरात हव्यातच आणि कुठल्या नुसत्या जागा अडवतात? आदल्या दिवशी काय करून ठेवलं तर चालतं?

माझं मत आधीच मांडते. वेळ वाचतो तो कामाच्या क्रमामुळे, कृती सोपी असल्यामुळे नव्हे. पटत नसेल तर मोकळेपणाने भांडा.

लसूणपाकळी

अंडं-टोमॅटो! चीनमध्ये घरोघरी होतं आणि का होतं ते एकदा केलं की कळतं. चार अंडी मीठ घालून फेटायची, चांगल्या तापलेल्या तेलात ओतायची, मोठे मोठे लचके होतील इतपतच हलवायची आणि अर्धवट ओली असतानाच बाजूला काढायची. त्याच कढईत पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मग टोमॅटोच्या फोडी, मीठ, छोटा चमचाभर साखर. टोमॅटो रस सोडून मऊ झाले की अंडी परत आत. वरून हिरवी पात. भात होईपर्यंत हे होऊन जातं. साखर वगळू नका, आंबटपणा तिच्यामुळेच ताळ्यावर येतो.

रात्रपाळी

+१ अंडं-टोमॅटोला. टोमॅटो नीट पिकलेले नसतील तर मी चमचाभर केचप घालते. रंगही येतो.

कढईवाला

सांजवेळ ताई, क्रमाच्या मुद्द्याला अनुमोदन. फक्त तो क्रम उलगडून सांगायला हवा.

आल्या आल्या पहिलं काम भात लावणं किंवा नूडल्सचं पाणी ठेवणं. कपडे नंतर बदला. दुसरं, ज्याला मुरायला हवं ते. चिकन असो की टोफू, तुकडे करून सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर चोळून बाजूला. तिसरं, एका वाटीत सगळा सॉस एकत्र. चौथं, भाज्या. परतायचा गॅस पेटवायचा तो सगळ्यात शेवटी, सगळ्या वाट्या कढईशेजारी ओळीने आल्यावर. परतणं एकदा सुरू झालं की चार-पाच मिनिटांत संपतं, मध्ये बाटलीचं झाकण उघडायला गेलात की तेवढ्यात लसूण करपतो.

वाटीतला सॉस, दोघांसाठी : सोया सॉस दोन मोठे चमचे, ऑयस्टर सॉस एक मोठा चमचा, साखर आणि व्हिनेगर एक-एक छोटा चमचा, कॉर्नफ्लोअर एक छोटा चमचा, गार पाणी पाव वाटी. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी पुन्हा ढवळायचं. ओतल्यावर उकळी यायलाच हवी. तोवर सॉस गढूळ आणि पिठूळ दिसतो, उकळी फुटली की पाहता पाहता चकचकीत होतो आणि प्रत्येक तुकड्याला धरून बसतो. तिथे गॅस बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलात तर भाज्या शिजून लोळतात.

धूरधूर

मला हे अर्धंच पटलं. क्रम कितीही चोख ठेवा, घरचा गॅस हॉटेलातल्या शेगडीच्या पासंगालाही पुरत नाही. कँटोनीज मंडळी ज्याला वॉक हेई म्हणतात तो धुरकट, खमंग वास मोठ्या आचेशिवाय येत नाही. घरी कढई भरून भाज्या टाकल्या की तापमान धाडकन उतरतं, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडणं सुरू होतं. म्हणजे वेळही जास्त आणि चवही नाही.

माझ्या मते खरा नियम हा : थोडं थोडं परता. आधी मांस किंवा टोफू, तो काढून ठेवा. मग भाज्या दोन हप्त्यांत. शेवटी सगळं एकत्र. भाज्या धुतल्यावर कोरड्या झाल्याच पाहिजेत. ओली पालेभाजी कढईत पडली की खेळ संपला.

कढईवाला

@धूरधूर, वाद कसला, दोन्ही लागतं. तुमचा थोडं थोडं परतण्याचा मुद्दा माझ्या पाचव्या पायरीत घालतो. पण वॉक हेईचा आग्रह रोजच्या रात्रीसाठी सोडावा. घरच्या स्वयंपाकात त्या वासाच्या मागे लागलं की फक्त धूर हाती येतो.

निळाडोंगर

नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून धूर निघेपर्यंत तापवू नका, हे आवर्जून लिहितो. त्यावरचा लेप साधारण २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि निघणारी वाफ अंगाला चांगली नसते. मोठ्या आचेचं परतणं लोखंडी किंवा कार्बन स्टीलच्या कढईत करावं. सपाट बुडाची असेल तर घरच्या शेगडीवर जास्त उष्णता खेचते.

नेमकंबोल

एक तक्रार. "आशियाई" म्हणून सगळं एका पिशवीत कोंबू नका. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे कोंबू नावाचं सुकं समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. थाईचा पाया फिश सॉस, लिंबू, गूळ, मिरची यांचा तोल. कोरियनचा पाया आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टी. चीनच्या सिचुआन प्रांताची स्वतःची मिरी आहे, तिनं जिभेला मुंग्या येतात. सगळीकडे सोया सॉस आणि आलं-लसूण ओतून "आशियाई" म्हटलं की सगळ्या पदार्थांची चव एकसारखी होते आणि मग लोक कंटाळतात. शिवाय आशिया पश्चिमेकडेही बराच पसरलाय, त्याचं नावही कुणी घेत नाही.

सांजवेळ

@नेमकंबोल, रास्त आहे. माझा रोख पूर्व आणि आग्नेय आशियाकडे होता, शीर्षकात तसं लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर बदलते. मग एक काम करा ना, प्रत्येक घराण्यातली एकेक बाटली सांगा, म्हणजे वेगळ्या चवी खरोखर वेगळ्या राहतील.

नेमकंबोल

शीर्षक राहू द्या. बाटल्या सांगतो. चीनसाठी साधा फिका सोया सॉस आणि ऑयस्टर सॉस. सिचुआनची आवड असेल तर डोबानजियांग, मिरची आणि बाकला शेंगांच्या दाण्यांची आंबवलेली पेस्ट. मापो टोफू, म्हणजे तिथला टोफूचा तिखट रस्सा, तिच्याशिवाय होत नाही, आणि ती असेल तर पंधरा मिनिटांत होतो. जपानसाठी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, आणि मिरिन ही स्वयंपाकातली गोडसर तांदळाची वाइन. कोरियासाठी गोचुजांग, मिरची आणि सोयाबीनची आंबवलेली पेस्ट. थाईसाठी फिश सॉस. आणि भाजलेल्या तिळाचं तेल, पण ते तळणीचं तेल नव्हे. गॅस बंद केल्यावर वरून अर्धा चमचा, नाहीतर वास उडून जातो.

गडद सोया सॉस मुख्यतः रंगासाठी. एक बाटली वर्ष काढते. ती नसली तरी अडत नाही.

मीठकमी

बाटल्यांच्या या यादीत एक आकडा राहिला. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. वर कढईवाला यांच्या प्रमाणात दोन चमचे सोया सॉस आणि वर ऑयस्टर सॉस आहे, म्हणजे दोघांत वाटलं तरी एका जेवणात निम्म्याहून जास्त कोटा संपला. फिका सोया सॉस रंगाने फिका असतो, मिठाने नाही. उलट तोच जास्त खारट.

आमच्या घरी रक्तदाबाचा रुग्ण आहे, त्यामुळे मी सॉस निम्मा करते आणि उरलेली जागा लिंबू, व्हिनेगर, आलं, भाजलेले तीळ आणि सुके मश्रूम भिजवलेल्या पाण्याने भरते. वेगळं मीठ अजिबात नाही. नूडल्सच्या पाण्यातही नाही.

कढईवाला

@मीठकमी ताई, मान्य. एक चमचा सोया सॉस आणि बाकी मश्रूमचं पाणी घेऊन चालतं, चव फारशी उतरत नाही.

चॉपस्टिक

हा धागा रात्री साडेदहाला उघडला. जेवण झालेलं होतं. आता अंडी फेटतोय. जबाबदार कोण?

लसूणपाकळी

@चॉपस्टिक, अर्धवट ओली असतानाच बाहेर काढ!

फक्त_शाकाहारी

शाकाहाऱ्यांचं कुणी बघतच नाहीये, म्हणून मीच लिहिते. बाटलीचं लेबल बारीक अक्षरांसकट वाचायची सवय लावून घ्या. ऑयस्टर सॉस कालवांचा. तयार थाई करी पेस्टमध्ये बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट. किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीत, बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी. दाशीत मासा. वरवर निव्वळ भाजीचा दिसणारा पदार्थ असा हळूच मांसाहारी निघतो.

पर्याय मात्र चांगले आहेत. मश्रूमपासून केलेला शाकाहारी "ऑयस्टर" सॉस मिळतो, तो उत्तम. दाशीसाठी कोंबूचा तुकडा आणि दोन सुके शिताके मश्रूम सकाळीच गार पाण्यात टाकून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी पाणी तयार. फिश सॉसच्या जागी सोया सॉस अधिक तेच मश्रूमचं पाणी अधिक लिंबू. हुबेहूब होत नाही, पण पदार्थ लंगडा वाटत नाही.

टोफूबद्दल. घट्ट टोफूचे तुकडे उकळत्या खारट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मग कापडावर पसरा. वर वजन ठेवून दाबत बसण्यापेक्षा हे जलद. आतून मीठ मुरतं, बाहेरून पटकन कोरडा होतो. मग कॉर्नफ्लोअर भुरभुरून थोड्या तेलात. एका बाजूला सोनेरी झाल्याशिवाय उलथणं लावायचं नाही. सारखं ढवळलं की कवच तुटतं. मीठ कमी खाणाऱ्यांनी पाण्यात मीठ घालू नये, नुसतं गरम पाणीही चालतं. मऊ, रेशमी टोफू परतायला घेऊ नका, तो सूपमध्ये किंवा मापोत.

रात्रपाळी

टोफू गोठवून बघितलाय का? रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून वितळवला आणि पिळला की त्याला बारीक भोकं पडतात, सॉस आत शिरतो आणि चावायला मस्त लागतो. आदल्या दिवशीच्या तयारीच्या प्रश्नाला माझं हे एक उत्तर.

भातप्रेमी

आदल्या दिवसाचं म्हणाल तर गार भात! फ्राइड राइससाठी ताजा भात घेतला की गिच्च गोळा होतो. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या भातातली पिष्ठं पुन्हा घट्ट होतात, दाणा मोकळा आणि टणक होतो. हाताने आधी मोकळा करायचा, कढईत फोडत बसायचं नाही. अंडं, भात, मीठ, पात, थोडासा सोया सॉस कढईच्या कडेने. माझ्या मते फ्राइड राइसमध्ये सोया सॉस जेमतेम वासापुरता. काळाकुट्ट भात म्हणजे अति झालं.

त्याच भाताचं कोरियन रूप म्हणजे किमची परतून त्यात भात, गोचुजांग छोटा चमचाभर, वर बलक न फुटलेलं अंडं. किमची जितकी जुनी आणि आंबट, तितकं बरं. नवी कोरी किमची यात वाया जाते. इंडोनेशियाच्या नासी गोरेंगमध्ये केचप मानिस हा गोड, दाट सोया सॉस घालतात, तो कढईत जरासा जळतो आणि तिथेच त्याची खरी चव.

रात्रपाळी

भाताबद्दल गंभीरपणे सांगते, कारण हे कामाच्या निमित्ताने बघावं लागतं. शिजलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांनी केलेलं उलटीचं विष पुन्हा कितीही गरम केलं तरी जात नाही. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला असा की भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाकावा आणि २४ तासांत संपवावा. ताटात किंवा ट्रेमध्ये पातळ पसरला की चटकन निवतो. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला तर मधला भाग कित्येक तास गरमच राहतो.

असंच एक लसणाचं. चिरलेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची युक्ती कुठे वाचलीत तर करू नका, बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. आलं-लसूण वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एकेक ठोकळा थेट कढईत.

भातप्रेमी

@रात्रपाळी ताई, हे फार उपयोगी. पसरून गार केला की दाणेही वेगळे राहतात, म्हणजे चवीच्या दृष्टीनेही हेच बरोबर.

उंबरठा

कुणीतरी अजिनोमोटोचा विषय काढणारच, मीच काढतो. घालावं की नाही? आमच्याकडे यावरून दोन पक्ष आहेत.

नेमकंबोल

@उंबरठा, थोडं अवांतर होईल, पण विषय मोलाचा आहे.

१९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या पाण्यातून ग्लूटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने विकायला आलं. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, त्यात चिनी हॉटेलात जेवल्यावर होणाऱ्या त्रासाची काही संभाव्य कारणं मांडली होती, ग्लूटामेट त्यांतलं एक. तिथून भीती पसरली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात असा ठाम संबंध दिसला नाही, आणि अमेरिकेची अन्न व औषध संस्था ते सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. टोमॅटो, मश्रूम, जुनं चीज, सोया सॉस या सगळ्यांत ग्लूटामेट असतंच.

@मीठकमी ताईंना यात कदाचित रस वाटेल : मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम, अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. थोडं मीठ काढून चिमूटभर ते घातलं तर एकूण सोडियम उतरतं.

आणि स्वयंपाकाच्या कामाची गोष्ट. सुक्या शिताकेत ग्वानिलेट असतं, बोनिटोत इनोसिनेट. ही ग्लूटामेटबरोबर आली की चव कितीतरी पटींनी वाढते. फक्त_शाकाहारी यांनी कोंबू आणि शिताके एकत्र भिजवायला सांगितले, त्याच्यामागे हेच आहे.

मीठकमी

आकडे वाचून बरं वाटलं. तरी मी पुडी आणणार नाही, मश्रूमवर भागवेन. माझं मन अजून त्या पुडीला तयार नाही आणि चवीला मश्रूम पुरतात.

उंबरठा

आमच्याकडचे दोन्ही पक्ष हे वाचून आणखी जोरात भांडतायत. आभारी आहे!

पाऊलवाट

मी एकटी राहते, एकटीसाठी भाज्या चिरून सॉस कालवणं जिवावर येतं. माझा आधार जपानी वाडगा. ओयाकोदोन : कांद्याचे पातळ काप आणि चिकनचे छोटे तुकडे दाशी, सोया सॉस, मिरिनच्या पाण्यात लहान पसरट भांड्यात शिजू द्यायचे. चिकन पूर्ण शिजलं की दोन अंडी फेटून, पण फार एकजीव न करता, दोन हप्त्यांत ओतायची. पहिला हप्ता बसला की दुसरा, लगेच झाकण, अर्ध्या मिनिटात गॅस बंद. अंडं वर थरथरतं राहायला हवं. सरकवून भातावर. भांडं एक, चमचा एक.

मिसो सूपलाही पाच मिनिटं. पाणी, टोफू, पात. गॅस बंद केल्यावर पळीत थोडं गरम पाणी घेऊन त्यात मिसो विरघळवायचा आणि मग परत आत. मिसो घातल्यावर उकळू नये, सुगंध जातो.

फक्त_शाकाहारी

@पाऊलवाट, हेच चिकनऐवजी मश्रूम घालून करते, अंडं खात असाल तर झकास होतं.

कढईवाला

नूडल्सवर कुणी बोललंच नाही. तांदळाच्या चपट्या नूडल्स उकळू नका. परतायच्या असतील तर कोमट पाण्यात भिजवा, वाकतील पण मध्ये कणखर असतील इतपत. उरलेलं शिजणं कढईत सॉस पिऊन होतं. आधीच मऊ केल्या की परतताना लगदा होतो. थाईमधल्या पाड थायची निम्मी किमया यातच आहे. चिंचेचा कोळ, फिश सॉस, गूळ हे आधी उकळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की कामाच्या दिवशी फक्त ओतायचं.

गव्हाच्या नूडल्स उकळल्यावर गार पाण्याखाली धरून चोळून धुवा, वरची चिकट पिष्ठं गेली की चिकटत नाहीत. मुगाच्या काचेरी नूडल्स नुसत्या गरम पाण्यात भिजतात. कोरियन रताळ्याच्या पिठाच्या मात्र उकळाव्या लागतात.

धूरधूर

चिकनचा एक मुद्दा माझ्याकडून. छातीचं मांस मोठ्या आचेवर कोरडं, चिवट होतं. पाव किलोला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, कोरडं करा. सोड्यामुळे मांसाचा पृष्ठभाग अल्कलीयुक्त होतो आणि प्रथिनं आवळून एकमेकांना घट्ट धरत नाहीत. मग सोया सॉस-कॉर्नफ्लोअर. सोडा जास्त झाला किंवा धुवायचा राहिला तर साबणासारखी चव येते, म्हणून हात राखून. आणि तुकडे धाग्यांच्या आडवे कापा. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलेलं मांस पातळ कापायला सोपं जातं.

आईची_धावपळ

लहान मुलं असलेल्या घरात हे सगळं कसं बसवता? तिखट चालत नाही, पात दिसली की बाजूला काढतात.

लसूणपाकळी

@आईची_धावपळ, तिखट कढईत घालायचंच नाही. मोठ्यांसाठी मिरचीचं तेल टेबलावर. मुलांच्या ताटात भात, अंडं आणि भाज्यांचे वेगवेगळे ढीग मांडा, कोरियन बिबिमबापही असंच मांडतात. सॉस शेजारी वाटीत. आपापलं कालवायला मिळालं की खातात. आणि घरात शेंगदाणे, तीळ, सोया किंवा गहू कुणाला सोसत नसेल तर इथल्या प्रत्येक बाटलीचं लेबल आधी बघा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. तामारी सहसा गव्हाशिवाय, पण तिथेही वाचूनच.

आईची_धावपळ

वेगवेगळे ढीग! हे उद्याच करते.

पाऊलवाट

थाई करी राहिली की. नारळाच्या दुधाचा डबा न हलवता उघडा, वरची दाट साय आधी कढईत घ्या. ती तापून तेल सुटायला लागलं की करी पेस्ट त्यात परता, वास घरभर पसरेपर्यंत. मग उरलेलं पातळ दूध. पेस्ट थेट पातळ दुधात ढवळली तर कच्ची लागते. काही डब्यांतल्या दुधात साय आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून पदार्थ घातलेले असतात, ते फुटत नाही, मग चमचाभर तेलात पेस्ट परता. आधी बटाटा-गाजर, मग वांगं, शेवटी पालेभाजी. फिश सॉस आणि लिंबू गॅस बंद केल्यावर.

सांजवेळ

एवढं सगळं आलं, पण माझा मूळ प्रश्न घड्याळाचा होता. कुणी एका संध्याकाळचा वेळ मांडून दाखवेल का? सोलण्या-चिरण्यासकट.

रात्रपाळी

मी मांडते. दोघांसाठी, टोफू-ब्रोकोली-गाजर आणि भात.

शून्य मिनिट : तांदूळ धुवून लावले, दुसऱ्या शेगडीवर टोफूसाठी पाणी. पाच : टोफूचे तुकडे पाण्यात, गाजर सोलून तिरके पातळ काप. ब्रोकोलीचे तुरे छोटे करते, मोठे ठेवले तर बाहेर करपून आत कच्चे राहतात. देठ टाकत नाही, सोलून काप. बारा : सॉसची वाटी. पंधरा : टोफू कापडावर, आल्या-लसणाचा ठोकळा बाहेर, पात चिरून पांढरी आणि हिरवी वेगळी. अठरा : कढई तापली, टोफू. तेवीस : टोफू बाहेर, गाजर-ब्रोकोली आत, दोन चमचे पाणी शिंपडून मिनिटभर झाकण. या झाकणाने घरच्या मंद गॅसची भरपाई होते. सव्वीस : आलं-लसूण, पांढरी पात, टोफू परत, सॉस ढवळून. अठ्ठावीस : उकळी, चकाकी, गॅस बंद, हिरवी पात, तिळाचं तेल. भात तोवर मुरलेला असतो.

यात एकही क्षण मी नुसती उभी नसते, हे मात्र खरं. थकलेल्या दिवशी तेच जड जातं. अशा दिवशी मी अंडं-टोमॅटोच करते.

धूरधूर

झाकण ठेवायची कल्पना मी मान्य करणार नव्हतो, पण ब्रोकोलीसारख्या जाड भाजीला ते बरोबर आहे. पालेभाजीला नको.

सांजवेळ

@रात्रपाळी, हेच हवं होतं, मनापासून आभार. एक विचारू? गाजर आणि ब्रोकोली आदल्या रात्री चिरून ठेवली तर सात मिनिटं वाचतील. चालतं का?

रात्रपाळी

गाजर, ब्रोकोली, कोबी, ढोबळी मिरची चालतात. कोरडी करून, डब्यात खाली कोरडं कापड घालून, झाकण घट्ट. मोड आलेली कडधान्यं आणि मश्रूम ऐन वेळीच, ते लवकर चिकट होतात. कांदा चिरून ठेवला तर सगळ्या फ्रिजला वास लागतो. आणि चिरताना फळीवर आधी भाज्या, मग मांस. उलट केलंत तर फळी आणि सुरी मध्ये साबणाने धुवायला लागते, आणि ते दोन मिनिटं खातं.